विश्लेषण : शेजाऱ्याचा इतिहास शाळेत का हवा? वाशिम जिल्ह्याच्या निमित्ताने काही प्रश्न

राज्य शासन दरवर्षी जयंत्यांचे परिपत्रक काढते. त्यानुसार १५ फेब्रुवारीला संत सेवालाल महाराजांच्या आणि १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेला हार घातला जातो. एक-दोन भाषणे होतात, फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला जातो आणि विषय संपतो. शेजारच्या तांड्यात, बौद्धवाड्यात किंवा मोहल्ल्यात राहणारी माणसे कोण, कुठून आली, त्यांनी या मुलखाला काय दिले, हे मुलांना पद्धतशीरपणे सांगणारा तास मात्र वेळापत्रकात सापडत नाही. ही मोकळी जागा मग मोबाइल, घरातली शेरेबाजी आणि वर्गातली टोपणनावे भरून काढतात. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत आहे. त्यामुळे वंचित आणि अल्पसंख्य समाजांचा इतिहास शाळेत शिकवल्याने भेदभाव कमी होईल का, आणि तो शिकवायचा कसा, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

हा प्रश्न वाशिममध्येच का?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा सहा तालुक्यांचा लहान जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख. त्यातला साधारण चौथा हिस्सा बौद्ध, मुस्लिम आणि जैन. बंजारा समाजाचे तांडे वेगळेच. एवढ्याशा जिल्ह्यात मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे देशभरातल्या बंजारांचे श्रद्धास्थान आहे, मंगरूळपीरला दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे, मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे आणि कारंजा लाड हे गुरुदेव नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाबरोबरच दिगंबर जैन परंपरेचेही जुने विद्याकेंद्र आहे.

ही ठिकाणे एकमेकांपासून एसटीच्या काही तासांच्या अंतरावर आहेत. तरीही अनेक मुलांची त्यांतल्या एकाच ठिकाणाशी ओळख असते, ती म्हणजे आपल्या घरच्यांशी संबंधित ठिकाणाशी. याचे एक कारण शाळांच्या रचनेतच आहे. तांड्यावरची बरीच मुले विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या आश्रमशाळांत जातात, मुस्लिम मुलांपैकी अनेक उर्दू माध्यमात, उरलेली मराठी किंवा खासगी इंग्रजी शाळांत. एकाच गावात वाढलेली मुले दहावीपर्यंत एकदाही एका बाकावर बसत नाहीत, असे सहज घडते.

२०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले. वाशिम त्यांपैकी एक. या कार्यक्रमाच्या क्रमवारीत शिक्षणाला ३० टक्के भार आहे. त्यात भाषा-गणितातली प्रगती, पुढच्या टप्प्यात जाणारी मुले, शाळेतल्या सुविधा हे मोजले जाते. वर्गात कोणाला कसे वागवले जाते, हे त्या मोजपट्टीत येत नाही.

अल्पसंख्याक म्हणजे नेमके कोण?

राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायदा १९९२ चा. त्याखाली १९९३ मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी, तर जानेवारी २०१४ मध्ये जैन अधिसूचित झाले. हा झाला धार्मिक भाग. राज्यघटनेचे २९ आणि ३० हे अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांचाही विचार करतात, आणि ३५० (क) प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्याला सांगतो.

वाशिममध्ये ही चौकट अपुरी पडते. बंजारा समाज धर्माने अल्पसंख्याक गणला जात नाही, राज्यात तो विमुक्त जातींच्या प्रवर्गात आहे. त्याची गोरबोली घराघरांत बोलली जाते, पण जनगणना लमाणी-लंबाडी या नावाने तिला हिंदीच्या गटात मोजते. बौद्ध विद्यार्थी धर्माने अल्पसंख्याक आहे आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीच्या सवलतींनाही पात्र आहे. जैन समाज संख्येने छोटा, पण व्यापारामुळे सहसा सुस्थितीत.

आतूनही कोणताच समाज एकजिनसी नाही. शिरपूरच्या मंदिरावरून दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यातला वाद १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. पुढे मंदिराला चार दशकांहून अधिक काळ कुलूप राहिले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडले. म्हणून ‘अल्पसंख्याकांचा धडा’ असा एकच धडा लिहून काम भागणार नाही.

पुस्तकांत आज काय आहे?

‘बालभारती’ने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हानिहाय काढली, ही महाराष्ट्राची चांगली परंपरा. आठ वर्षांचे मूल आपल्या जिल्ह्याचा नकाशा, नद्या, पिके, प्रेक्षणीय स्थळे शिकते. चौथीत शिवचरित्र येते. त्यापुढे इतिहास राज्य, देश आणि जगाकडे वळतो आणि जिल्हा मागे पडतो. म्हणजे जिल्ह्याबद्दल शिकायचे ते आठव्या वर्षी. जात, धर्म, अन्याय हे प्रश्न पडायला लागतात त्या बाराव्या-तेराव्या वर्षी जिल्हा पुस्तकातून गेलेला असतो.

२०१७ मध्ये सातवी आणि नववीची इतिहासाची पुस्तके बदलली. सातवीत मराठ्यांचा इतिहास केंद्रस्थानी आला आणि मुघल व त्याआधीच्या सुलतानांचा भाग बराच आटला. महाराष्ट्राच्या पुस्तकात मराठ्यांचा इतिहास ठळक असावा, यात गैर काही नाही. पण आटलेल्या भागाबद्दल मुलांना कुतूहल उरतेच. ते शमवायला शिक्षक नसेल तर रील असते.

त्याचे परिणाम याच भागाने पाहिले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मंगरूळपीरला उरुसाच्या मिरवणुकीत औरंगजेबाचे चित्र झळकावल्यावरून गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी मे महिन्यात शेजारच्या अकोल्यात आणि जूनमध्ये कोल्हापुरात तणाव भडकला, दोन्हीकडे ठिणगी पडली ती समाजमाध्यमांवरच्या मजकुराने. चित्र झळकावणारे आणि त्यावर दगड उचलणारे, दोघेही याच राज्यातल्या शाळांत शिकलेले असतात. तीनशे वर्षांपूर्वीचा बादशहा आजच्या बागवानाचा किंवा पिंजाऱ्याचा प्रतिनिधी कसा ठरतो, हा प्रश्न त्यांच्यापुढे वर्गात कधी ठेवला गेला नाही.

मग शिकवण्यासारखे आहे तरी काय?

भरपूर आहे, आणि ते जिल्ह्यातच आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. सहावीच्या इतिहासात वाकाटक येतात, पण ते ‘आपले’ म्हणून शिकवले जातात का? याच शाखेचा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे बौद्ध भिक्षूंसाठी कोरवून घेतले. राजघराणे वैदिक यज्ञ करणारे आणि त्याच्या मंत्र्याचे दान बौद्ध विहाराला, ही गोष्ट वाशिमच्या मुलाने वाशिममध्येच ऐकायला हवी. १९३९ मध्ये उजेडात आलेला वाशिमचा ताम्रपट तर दोन भाषांत आहे, वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात. राज्यकारभाराची भाषा आणि लोकांची भाषा यांचे नाते समजावायला याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

कारंज्याच्या जैन मंदिरांनी हस्तलिखिते शतकानुशतके सांभाळली. त्यांतून पुष्पदंत या दहाव्या शतकातल्या कवीचे अपभ्रंश ग्रंथ १९३० च्या दशकात ‘कारंजा जैन ग्रंथमाले’तून छापले गेले. डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी ते संपादित केले. अपभ्रंश ही प्राकृत आणि आजच्या मराठी-हिंदीसारख्या भाषांमधली पायरी. आपल्या भाषेच्या पूर्वजांचे कागद एका छोट्या समाजाने जपले, हे मराठीच्या तासाला सांगता येते.

बंजारांचा इतिहास हा अर्थशास्त्राचाच धडा आहे. रस्ते नव्हते तेव्हा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर पोहोचवणारी ही वाहतूक व्यवस्था होती. रेल्वे आली आणि धंदा बसला. त्याच काळात, १८७१ पासून, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवत अनेक फिरत्या समाजांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून हे समाज ‘विमुक्त’. कारंज्यातून जाणारी ‘शकुंतला’ रेल्वे मुलांना ऐकून माहीत असते. रेल्वेने कापूस मुंबईला नेला आणि तांड्याला रोजगार हमीच्या आणि ऊसतोडीच्या वाटेला लावले, ही या इतिहासाची दुसरी बाजू. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. इमारत तयार आहे. तिथे जिल्ह्यातल्या सर्व शाळांच्या सहली जातात की फक्त आश्रमशाळांच्या, यावर तिचा उपयोग ठरेल.

आणि मुस्लिम समाजाचा इतिहास तर वर्गात रोज बोलला जातो. दप्तर, हजेरी, शाई, कागद, हे शब्द फारसी-अरबीतून आले. जिल्हा आणि तालुकाही तिथलेच. उर्दू शाळेतले मूल मराठी शिकतेच, २०२० च्या कायद्याने तर ती सर्व शाळांत सक्तीची झाली. मराठी शाळेतल्या मुलाला मात्र आपल्या पाठीवरच्या दप्तराचा शब्द कुठून आला, हे क्वचितच सांगितले जाते.

शिकवल्याने भेदभाव खरेच कमी होतो का?

इथे उत्साहाला थोडा लगाम घालावा लागतो. उपलब्ध अभ्यास तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिली, ओळख चुकीच्या पद्धतीने पुढे आणली तर नुकसान होते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात शाळकरी मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर न करता दिली तेव्हा सर्व जातींच्या मुलांची कामगिरी सारखीच होती. सगळ्यांसमोर जात पुकारल्यावर तथाकथित खालच्या जातींतली मुले स्पष्टपणे मागे पडली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आपल्या शिक्षकांनी जरूर वाचावा. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी वर्गात उभे करून प्रवर्ग विचारण्याची पद्धत अनेक शाळांत आजही आहे. कागद भरण्याच्या सोयीसाठी आपण मुलाची त्या दिवसाची हिंमत काढून घेतो.

दुसरी, आपला इतिहास शिकायला मिळाला तर मूल शाळेत टिकते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत नववीत वांशिक अल्पसंख्याकांच्या इतिहासाचा विषय सुरू झाला. थॉमस डी आणि एमिली पेनर यांच्या २०१७ च्या अभ्यासात, अभ्यासात मागे असलेल्या मुलांची उपस्थिती २१ टक्के गुणांनी वाढल्याचे दिसले. पण हा परिणाम त्या मुलांवरचा आहे. इतरांच्या मनातला पूर्वग्रह किती घटला, हे त्या अभ्यासाने मोजले नव्हते.

तिसरी, पूर्वग्रह कमी होतो तो बरोबर काम केल्याने. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच अटी सांगितल्या होत्या : दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, सहकार्य हवे आणि संस्थेचा पाठिंबा हवा. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा घेतल्या. एकाच संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. विरुद्ध संघांत खेळलेल्यांची उलट घटली. दिल्लीच्या खासगी शाळांत गरीब मुलांना प्रवेश मिळाल्यावर श्रीमंत मुले अधिक मदत करणारी आणि कमी भेदभाव करणारी झाली, त्यांच्या अभ्यासावर फारसा विपरीत परिणाम झाला नाही, असे गौतम राव यांना आढळले.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जाती-धर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामही वाटून घेत. १९२७ मध्ये गांधीजींनी तिथे भेट दिली होती. ऑलपोर्टच्या चारही अटी त्या स्वयंपाकघरात पूर्ण होत होत्या.

या तिन्हींचा अर्थ एकच निघतो. नुसता धडा अपुरा, नुसते एकत्र बसवणेही अपुरे. इतिहास सर्व मुलांनी मिळून शोधायचे काम म्हणून वर्गात आला, तरच दोन्ही फायदे पदरात पडतात.

कायद्याची आडकाठी आहे का?

नाही. अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे शासकीय पैशांवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण धर्माची शिकवण देणे वेगळे आणि धर्मांविषयी माहिती देणे वेगळे, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय प्रकरणात सप्टेंबर २००२ मध्ये मान्य केला. दर्ग्यात जाऊन चादर चढवायला लावणे शाळेचे काम नाही. दर्गा कोणाचा, उरुसाला कोणकोण येते, बाजारात कोणाची दुकाने लागतात, हे नोंदवणे मात्र अभ्यासच आहे. अनुच्छेद ५१ (क) तर संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ वंचित घटकातल्या मुलाशी शाळेत भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी शासनावर टाकतो आणि मुलाला भीतीमुक्त वातावरण मिळावे, असे अभ्यासक्रमालाच बजावतो.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप शिक्षकांचा : दोन शिक्षकी शाळेत आधीच ऑनलाइन माहिती, पोषण आहार, सर्वेक्षणे यांचा बोजा आहे, त्यात नवा विषय कसा घ्यायचा? हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नवा विषय, नवी परीक्षा नको.

दुसरा : यामुळे मुलांना जातिधर्म नव्याने कळतील. प्रत्यक्षात मुलांना ते पहिलीतच कळलेले असतात. टोपणनावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतात, तरी ती वर्गात येतातच.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर : धडे कोण लिहिणार, आणि सत्ता बदलली की ते बदलणार का? शिवाय समावेश म्हणजे प्रत्येक समाजाचा एक वीर शोधून त्याची निष्ठा सिद्ध करणे, अशी सवय आपल्याला आहे. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी मुलांना माहीत असावाच. पण शेजारच्या मुलाला बरोबरीने वागवण्यासाठी त्याच्या समाजात गारदी असण्याची अट नको. तसेच समाजांतर्गत अन्याय, स्त्रियांचे स्थान, पंथांचे वाद हे झाकून केलेला गौरवही इतिहास ठरत नाही.

जिल्ह्यात काय करता येईल?

मुंबई-पुण्याची वाट न पाहता करता येण्यासारखी पाच कामे आहेत.

एक, जिल्ह्याचा अभ्यास तिसरीवर संपवू नये. ‘डायट’ने, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने, सहावी ते आठवीसाठी छोटी पूरक पुस्तिका तयार करावी. ती संबंधित समाजांतले जाणकार, इतिहासाचे प्राध्यापक आणि शिक्षक यांनी मिळून तपासावी आणि मराठी व उर्दू दोन्हींत निघावी. मजकूर संकेतस्थळावर खुला ठेवला, तर कोण काय बदलतो तेही सर्वांना दिसेल.

दोन, वेळ आधीच उपलब्ध आहे. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी वर्षातून दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्यांतले दोन दिवस जिल्ह्यातल्या स्थळांना द्यावेत.

तीन, शाळांच्या जोड्या लावाव्यात. मराठी, उर्दू आणि आश्रमशाळेतल्या मुलांचे मिश्र गट करून एकच काम द्यावे : गावातल्या विहिरीचा, बाजाराचा किंवा जुन्या वाटेचा इतिहास लिहा. शाळाविरुद्ध शाळा अशी स्पर्धा टाळावी. क्रिकेटचा धडा इथे उपयोगी आहे.

चार, प्रवर्गाची माहिती पालकांकडून बंद पाकिटात किंवा कार्यालयात घ्यावी, वर्गात नाही. याला एक रुपयाही खर्च नाही. अनेक वर्षे मोफत गणवेश सर्व मुली आणि ठरावीक प्रवर्गांतले मुलगे यांनाच मिळे, त्यामुळे नवा सदरा कोणाचा यावरून प्रवर्ग ओळखू यायचा. २०२३-२४ पासून तो सर्वांना देण्याचे ठरले. तसाच विचार कागदपत्रांतही व्हावा.

पाच, टोपणनावे आणि जातिवाचक बोलणे यांवर काय करायचे, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत ठरावे. पुस्तकात सेवालाल महाराज आणि मधल्या सुट्टीत ‘ए लमाण्या’ असे चालले, तर मुले पुस्तकापेक्षा मधली सुट्टीच खरी मानतील.

पुढे काय?

वेल्सने २०२२ पासून कृष्णवर्णीय आणि अल्पसंख्य समाजांचा इतिहास अभ्यासक्रमात अनिवार्य केला, न्यूझीलंडने २०२३ पासून माओरी लोकांच्या इतिहासासह देशाचा इतिहास. तिथेही वाद झाले, पण निर्णय घेतला गेला. महाराष्ट्रात पुस्तके नव्याने लिहिली जात असताना जिल्ह्यांनी आपली मागणी आताच लेखी नोंदवायला हवी, पुस्तके छापून आल्यावर काही वर्षे थांबण्याशिवाय हाती काही उरत नाही.

मागणी साधी ठेवता येईल. पोहरादेवीचा इतिहास फक्त बंजारा मुलांना, मंगरूळपीरचा फक्त मुस्लिम मुलांना आणि कारंज्याचा फक्त जैन मुलांना शिकवू नका. तो वाशिम जिल्ह्याचा इतिहास आहे, सर्व मुलांच्या परीक्षेत येऊ द्या. एखाद्या मुलाला वत्सगुल्म, तांडा आणि दर्गा या तिन्हींवर पाच ओळी लिहिता आल्या, आणि त्या लिहिताना त्याने शेजारच्या शाळेतल्या मित्राला काही विचारले, तर तीन-चार वर्षांनी मोबाइलवर येणाऱ्या मजकुराकडे तो थोडा थांबून पाहील. शाळेकडून एवढी अपेक्षा ठेवणे अवाजवी नाही.